वीस यार्डांसाठी दुर्बीण: धनुष्याने हरणाची शिकार करणाऱ्यांनी ती कशी निवडावी

नव्याने धनुष्य हाती घेतलेला माणूस दुर्बीण घ्यायला कां-कू करतो. बाण सोडायचा वीस-पंचवीस यार्डांवरून, तेवढ्या अंतरावरचं हरीण उघड्या डोळ्यांना दिसतंच, मग गळ्यात आणखी एक ओझं कशाला, असं त्याचं म्हणणं असतं. मीही पहिले दोन हंगाम असाच बसलो. तिसऱ्या वर्षी एका मित्राने स्वतःची जुनी दुर्बीण बळेच हातात दिली. नोव्हेंबरातली सकाळ होती, नुकतं उजाडत होतं. व्हाइटटेल जातीच्या हरणाचा एक नर बावीस यार्डांवर आडवा उभा राहिला. मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. धनुष्य ताणण्याआधी हात सहज दुर्बिणीकडे गेला, आणि त्याच्या बरगड्यांच्या नेमकी समोर करंगळीएवढी जाड एक वाळकी डहाळी दिसली. उघड्या डोळ्यांना ती त्याच्या करड्या हिवाळी केसांत पार मिसळून गेली होती. मी बाण सोडला नाही. तो दोन मिनिटं उभा राहिला आणि निघून गेला.

त्या डहाळीला बाण नुसता घासला असता तरी तिरपा झाला असता, आणि काळजा-फुप्फुसांऐवजी पोटात शिरला असता. पोटात बाण लागलेलं हरीण तासन् तास तडफडतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. तेव्हापासून दुर्बिणीशिवाय मी मचाणावर चढलेलो नाही. बंदूकवाला दुर्बीण घेतो ती लांबचं जवळ आणायला. आपल्याला ती लागते जवळचंच नीट बघायला, तेही अपुऱ्या उजेडात, पानांच्या आडून, एका हाताने आणि आवाज न करता. निवडीचे सगळे निकष इथूनच ठरतात. दुकानात ऐकायला मिळणारा सल्ला बहुधा या कामासाठी नसतोच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या हरणांच्या शिकारीला बंदी आहे. हा लेख उत्तर अमेरिकेतल्या, परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात आणि तिथल्या नियमांनुसार होणाऱ्या शिकारीबद्दल आहे.

आधी ठरवा, बसणार कुठे

दुर्बीण बघायला जाण्यापूर्वी गेल्या हंगामातल्या आपल्या जागा आठवा, किंवा नवीन असाल तर एकदा रानात जाऊन या. ज्या झाडावर मचाण बांधणार तिथे उभं राहून चौफेर बघा. नजर कुठवर पोहोचते? दाट पानगळीच्या रानात साठ-सत्तर यार्डांपुढे काही दिसत नाही. शेताच्या बांधावरच्या झाडावरून तीनशे यार्डांवरचं टोक दिसतं. पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत म्यूल डिअर जातीच्या हरणांच्या मागे जाणारा माणूस एका कड्यावर बसून मैलभर पलीकडचा उतार न्याहाळतो, मग तास-दोन तास रांगत जवळ जातो.

ही तिन्ही कामं वेगळी आहेत. पहिल्या दोन्हींना एकच दुर्बीण पुरते. तिसऱ्याला नाही, त्याबद्दल पुढे थोडक्यात सांगेन. पण बहुसंख्य धनुष्यवाले झाडावर किंवा जमिनीवरच्या ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या आडोशात, बसतात, म्हणून लेखाचा भर तिथेच ठेवतो.

दोन आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानातला माणूस पहिल्या आकड्यावर जोर देतो. आपल्या कामात पहिला आकडा वाढला की तीन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट, दृष्टिक्षेत्र आकसतं. म्हणजे एका नजरेत मावणारा रानाचा तुकडा लहान होतो. चांगल्या ८×४२ दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र १००० यार्डांवर साधारण ४०० फूट असतं, १०×४२ चं ३४० च्या आसपास. हे आकडे खोक्यावर छापलेले असतात, पण १००० यार्डांवर आपल्याला काय करायचंय? वीस यार्डांचा हिशोब करा: आठ पटीच्या दुर्बिणीत ८ फूट रुंदीचं रान दिसतं, दहा पटीच्या दुर्बिणीत पावणेसात फूट. आठ फुटांत अख्खं हरीण मावतं आणि आजूबाजूची थोडी झाडीही. पावणेसात फुटांत हरीण जेमतेम मावतं आणि एक पाऊल सरकलं की चौकटीबाहेर. मग ते शोधण्यासाठी तुम्ही दुर्बीण हलवता, आणि ती हालचाल हरणाला दिसते.

दुसरी गोष्ट, हाताची थरथर तितकीच पट मोठी दिसते. नुकतेच झाडावर चढलेले असता, छाती धडधडत असते, दुसऱ्या हातात धनुष्य असतं. एका हातात दहा पटीची दुर्बीण स्थिर धरणं अवघड जातं. करून बघा, पटेल.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: फोकसची खोली. एकदा फोकस लावला की किती यार्डांपासून किती यार्डांपर्यंतचं स्पष्ट दिसेल, ते पटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. आठाचा वर्ग ६४, दहाचा १००. म्हणजे आठ पटीच्या दुर्बिणीत ही खोली दीडपटीहून जास्त मिळते. जवळचं हरीण चालत असेल तर दहा पटीत फोकसचं चाक सारखं फिरवत बसावं लागतं.

म्हणून माझा कौल स्पष्टपणे आठ पटीला आहे. सात पटीही उत्तम, पण तशा चांगल्या दुर्बिणी आता कमी मिळतात. शेताच्या काठावर बसणाऱ्याला, जिथे तीनशे यार्डांवरच्या नराची शिंगं मोजायची असतात, दहा पट घ्यावीशी वाटेल. चूक म्हणणार नाही. काही राज्यांत एका बाजूच्या शिंगाला ठरावीक टोकं असल्याशिवाय नर मारता येत नाही, तिथे ते कामाचंही आहे. पण तो नर बाणाच्या टप्प्यात आल्यावर दहा पट अडचणीची होते, हे लक्षात ठेवून घ्या.

२०×५० अशा मोठ्या आकड्यांच्या आणि पट कमी-जास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणी सरळ बाजूला ठेवा. दृष्टिक्षेत्र नळीतून बघितल्यासारखं, प्रतिमा अंधुक, आणि झूमच्या यंत्रणेत दोन्ही बाजू एकमेकींशी जुळलेल्या राहणं कठीण. 'फोकस लावायची गरजच नाही' अशा जाहिरातीच्या दुर्बिणीही नकोत. त्यांत फोकस कायमचा पक्का केलेला असतो. आपल्याला तर फोकस पुढे-मागे करूनच पानांच्या आडचं बघायचं असतं.

संधिप्रकाशाचा हिशोब

हरणं जास्त करून पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. दुर्बिणीची खरी परीक्षा याच दोन अर्ध्या तासांत होते. भर दुपारी स्वस्त आणि महाग दुर्बिणीतला फरक फारसा जाणवत नाही. म्हणूनच दुकानातल्या लख्ख दिव्याखाली केलेली तुलना फसवते.

दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा आणि डोळा लावायच्या भिंगाकडे बघा. काळ्या पार्श्वभूमीवर एक उजळ गोल ठिपका दिसेल. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात, म्हणजे दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी. ती काढायला साधा भागाकार पुरतो: दुसरा आकडा भागिले पहिला. ८×४२ ची सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ची ४.२, ८×३२ ची ४, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ ची जेमतेम तीन.

आता आपल्या डोळ्याकडे बघा. लख्ख उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, तेव्हा तीन मिलिमीटरचा झोतही पुरतो. अंधार पडू लागला की बाहुली मोठी होते. तरुणपणी सातापर्यंत, आणि वय वाढेल तशी कमी, पन्नाशी-साठीत पाचाच्या आसपास किंवा त्याहूनही लहान. बाहुली पाच मिलिमीटर उघडलेली असताना दुर्बीण चारच मिलिमीटरचा झोत देत असेल तर प्रतिमा काळवंडलेली दिसते. ८×४२ आणि १०×४२ या दोन्हींची भिंगं सारखीच मोठी, तरी संधिप्रकाशात आठ पटीची प्रतिमा दीडपट उजळ दिसू शकते.

वय झालेल्या शिकाऱ्यांना मला मुद्दाम सांगावंसं वाटतं: तुमची बाहुली साडेचारापुढे उघडत नसेल तर ८×५६ सारख्या अवाढव्य दुर्बिणीतला सात मिलिमीटरचा झोत वाया जातो. वजन मात्र पूर्ण उचलावं लागतं.

माहितीपत्रकांत 'ट्वायलाइट फॅक्टर' असाही एक आकडा असतो, दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. त्यात १०×४२ ला साडेवीस आणि ८×४२ ला सव्वाअठरा मिळतात, म्हणजे दहा पट सरस ठरते. हा आकडा लांबच्या वस्तूचे बारकावे ओळखण्यापुरता ठीक आहे, पण काच चांगली की वाईट याचा त्यात विचारच नसतो. आपल्या वीस-तीस यार्डांच्या झाडीत मी त्यावर निर्णय घेत नाही.

काच आणि लेप

इथे पैसे मोजावेत. बाकी कुठे तडजोड करा, इथे नको.

साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत भिंगं आणि प्रिझमं मिळून उजेड अशा कितीतरी पृष्ठांतून जातो. दहाच पृष्ठं धरली तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. तो नुसता जात नाही, आत इकडेतिकडे परावर्तित होऊन प्रतिमेवर पांढरट पडदा टाकतो. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्मॅकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला, त्याचं महत्त्व इथे कळतं. आजचा बहुस्तरी लेप हे नुकसान दर पृष्ठाला अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याखाली आणतो. त्याच दहा पृष्ठांतून मग ९५ टक्के उजेड डोळ्यापर्यंत पोहोचतो.

खोक्यावरचे शब्द नीट वाचा. 'कोटेड' म्हणजे काही पृष्ठांवर एकेरी लेप. 'मल्टी-कोटेड' म्हणजे काही पृष्ठांवर बहुस्तरी. 'फुली मल्टी-कोटेड' म्हणजे हवेशी संपर्क असलेल्या सगळ्या पृष्ठांवर बहुस्तरी. तुम्हाला शेवटचंच हवं. भिंगं लालभडक चमकत असतील तर ती घेऊच नका, तो लेप कामापेक्षा दिखाव्याला असतो.

प्रिझमचे दोन प्रकार. पोरो म्हणजे जुन्या पद्धतीची, खांद्यासारखी बाहेर आलेली दुर्बीण. इटालियन संशोधक इग्नाझिओ पोरो यांच्या नावावरून. रूफ म्हणजे दोन सरळ नळ्यांची. कमी पैशांत पोरो दुर्बीण सहसा जास्त चांगली प्रतिमा देते, हे खरं आहे. पण ती रुंद असते, छातीवर नीट बसत नाही, आणि पाण्यापासून तितकी सुरक्षित नसते. धनुष्यवाल्याला छातीवरची जागा मोलाची, म्हणून मी रूफ घ्या म्हणतो, एका अटीवर: तिच्या प्रिझमवर फेज कोटिंग हवं. रूफ प्रिझममध्ये उजेडाच्या झोताचे दोन भाग होऊन पुन्हा एकत्र येतात, तेव्हा त्यांच्या लहरी जरा पुढे-मागे होतात आणि बारीक तपशील विरळ होतात. फेज कोटिंग तो दोष काढतं. डहाळी आणि केस वेगळे दिसणं न दिसणं यावर ठरू शकतं. त्याशिवाय प्रिझमच्या आरशासारख्या पृष्ठावर डायइलेक्ट्रिक लेप असला तर उत्तम: तो ९९ टक्क्यांहून जास्त उजेड परावर्तित करतो, ॲल्युमिनियमचा लेप नव्वदच्या आसपास.

ईडी काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच, ही पुढची पायरी. साध्या काचेत उजळ आकाशासमोरच्या काळ्या फांदीला जांभळट-हिरवट कडा दिसते. ईडी काचेत ती कमी होते. असली तर आनंद, पण फेज कोटिंग आणि ईडी यांत निवड करावी लागली तर मी फेज कोटिंग निवडेन.

दोरी छातीपाशी येते

दुर्बिणींवरच्या बहुतेक लेखांत हा भाग येत नाही, कारण इतर कोणाला ही अडचण नसते.

उजव्या हाताने ताणणारा माणूस डावा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो. धनुष्य पूर्ण ताणलं की दोरी ओठाच्या कोपऱ्याला येते आणि तिचा खालचा भाग डाव्या छातीच्या अगदी जवळून जातो. उन्हाळ्यात पातळ शर्टावर सराव करताना मध्ये जागा असते. नोव्हेंबरात जाड जाकीट, त्यावर हार्नेस, म्हणजे दुर्बीण छातीवर धरून ठेवणारे पट्टे, त्यावर पिशवीतली जाडजूड दुर्बीण, आणि बसल्या जागी अंग वळवून ताणलेलं धनुष्य. दोरी सुटताना पिशवीच्या कोपऱ्याला लागली तर बाण वाटेल तिकडे जातो.

माझ्या बाबतीत हे सरावाच्या मैदानावर घडलं, हे नशीब. बाण लक्ष्यापासून दोन फूट डावीकडे गेला आणि पिशवीच्या झाकणावर दोरीचा पांढरा वळ उमटला. ते झाकण मी अजून जपून ठेवलंय.

म्हणून दुर्बीण घेण्याआधी हे करा. हंगामातले सगळ्यात जाड कपडे घाला. मचाणावर वापरायचा सुरक्षा पट्टा बांधा. त्यावर दुर्बिणीचा हार्नेस चढवा. आता धनुष्य ताणा, आधी उभं राहून, मग खुर्चीवर बसून, मग डावीकडे आणि उजवीकडे कमरेतून वळून, शेवटी खाली वाकून, जणू हरीण झाडाच्या बुंध्याशी आलंय. कोणाला तरी बाजूने बघायला सांगा, दोरी आणि पिशवी यांत किती बोटं जागा राहते. बाण न लावता दोरी मोकळी मात्र कधीही सोडू नका, धनुष्य फुटतं. सावकाश परत आणा. जागा कमी वाटली तर पिशवी उजवीकडे, काखेच्या बाजूला सरकवा, किंवा पट्टे आवळून वर घ्या. तरीही जमत नसेल तर दुर्बीणच लहान हवी.

४२ मिलिमीटरच्या दुर्बिणी साधारण साडेसहाशे ते आठशे ग्रॅमच्या असतात, ३२ च्या साडेचारशे ते सहाशेच्या. वजनापेक्षाही जाडीचा फरक मोठा. ३२ ने संधिप्रकाशातला उजेड कमी होतो खरा, ८×४२ च्या तुलनेत झोताचं क्षेत्रफळ जवळपास चाळीस टक्क्यांनी घटतं. पण बुटक्या बांध्याच्या माणसाला, किंवा ज्यांचा ड्रॉ (दोरी ताणायचं अंतर) आखूड आणि छाती रुंद आहे त्यांना, उत्तम काचेची ८×३२ ही मोठ्या ८×४२ पेक्षा योग्य ठरते. दोरी अडकवणारी दुर्बीण कितीही उजळ असली तरी उपयोगाची नाही.

गळ्यातला नुसता पट्टा मात्र नको. पुढे वाकलं की दुर्बीण लोंबते, धनुष्यावर आपटते, आणि ती टणत्कार हरणाच्या कानांना सहज ऐकू जाते.

एका हाताचं काम

डाव्या हातात धनुष्य असताना दुर्बीण उजव्या हातात येणार, आणि त्या मनगटाला बहुधा रिलीजचा, म्हणजे दोरी धरून सोडणाऱ्या खटक्याचा, पट्टा असणार. दुकानात गेलात तर डावा हात पाठीमागे ठेवा आणि फक्त उजव्या हाताने दुर्बीण उचला, डोळ्याला लावा, तर्जनीने फोकस फिरवा. बोट चाकापर्यंत आपोआप पोहोचायला हवं. मधला सांधा उघडा असेल, म्हणजे दोन नळ्यांमध्ये बोटं घालता येत असतील, तर पकड घट्ट बसते. हातमोजे घालून हेच पुन्हा करा. चाक फार सैल नको, फार घट्टही नको, आणि मुख्य म्हणजे फिरवताना कुरकुर नको.

चश्मा असेल तर आय रिलीफ बघा: भिंगापासून किती अंतरावर डोळा ठेवूनही पूर्ण गोल दिसतो ते. चश्मेवाल्याला किमान १५ मिलिमीटर, सोळा-अठरा असेल तर आरामात. रबरी कडी पिळून खाली घ्या आणि चश्म्यासकट बघा. कडेला काळी वर्तुळं येत असतील तर ती दुर्बीण तुमची नाही.

आवाजाचं म्हणाल तर दुर्बिणीवर रबराचं आवरण हवं, आणि पिशवीचं झाकण चुंबकाचं किंवा लवचीक दोरीचं हवं. चरचर उघडणारी वेल्क्रो शांत पहाटे चाळीस यार्डांवर ऐकू जाते. पुढच्या भिंगांची लोंबती झाकणं काढून घरी ठेवा. पाण्यासाठी आयपीएक्स७ दर्जा असला तर पुरे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आत नायट्रोजन किंवा आर्गन भरलेला असावा, म्हणजे आतून बाष्प धरत नाही.

पारखायची वेळ

दुकानातून परत देण्याच्या बोलीवर दोन दुर्बिणी आणता आल्या तर उत्तम. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर त्यांना घेऊन झाडांच्या सावलीत बसा. तीसेक यार्डांवरचं एखादं झुडूप निवडा आणि आतल्या एकाच काटकीवर नजर लावा. दर पाच मिनिटांनी दोन्हींतून आलटून पालटून बघा आणि कोणत्या दुर्बिणीतून ती काटकी आधी हरवते ते टिपून ठेवा. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे वीस मिनिटांचं बघणं जास्त सांगून जातं.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी तपासा. हातभर लांब धरून तो उजळ ठिपका पुरता गोल आहे का, की कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि करड्या आहेत? चौकोनी असेल तर प्रिझमची काच हलक्या दर्जाची आहे. विजेच्या तारेकडे आकाशासमोर बघा, रंगीत कड किती जाड आहे? आणि सलग दहा मिनिटं बघून झाल्यावर डोळे किंवा कपाळ दुखतंय का? दुखत असेल तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. मी एकदा नवी कोरी दुर्बीण याच कारणाने परत केली होती. पहिल्या मिनिटाला ती झकास वाटली, दहाव्या मिनिटाला डोळे पाणावले.

घरी आणल्यावर लावायची पद्धत

आधी दोन नळ्यांमधलं अंतर डोळ्यांप्रमाणे जुळवा, दोन गोलांचा एक गोल दिसेपर्यंत. मग उजव्या बाजूचं पुढचं भिंग तळहाताने झाका. डोळा मिटू नका, मिटल्याने दुसऱ्या डोळ्यावर ताण येतो. डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून वीस-पंचवीस यार्डांवरच्या झाडाच्या सालीवर फोकस आणा. आता डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता डायऑप्टरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच साल स्पष्ट करा. बहुतेक दुर्बिणींत ती उजव्या बाजूला असते. तिथे रंगाचा बारीक ठिपका देऊन ठेवा. पिशवीत घासून ती सरकते, आणि पहाटे अंधारात ती पुन्हा जुळवायला वेळ नसतो.

आडचं बघायची युक्ती सरावाने येते. दाट झुडपाकडे बघा आणि फोकस आधी सगळ्यांत पुढच्या पानांवर आणा. मग चाक हळूहळू फिरवत फोकस आत न्या. पुढची पानं विरघळतात, मागची फांदी उमटते, ती विरघळली की तिच्यामागची. अशा थरांतूनच एखाद्या वेळी कानाची कड, पाठीची आडवी रेघ किंवा ओलं काळं नाक दिसतं. अख्खं हरीण शोधू नका. रानात उभ्या रेघा पुष्कळ असतात, आडवी रेघ क्वचितच.

दुर्बीण उचलण्याची वेळही शिकावी लागते. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, आणि रंगांपेक्षा हालचाल फार लवकर टिपतं. त्याचं डोकं झाडाआड गेलं किंवा चरायला खाली गेलं की कोपर अंगाशी ठेवून सावकाश उचला. नाकातून खाली श्वास सोडा, नाहीतर थंडीत भिंगावर वाफ धरते.

अंतर मोजायचा लेझर रेंजफाइंडर वेगळा घ्यावा की दुर्बिणीतलाच? रेंजफाइंडर असलेली दुर्बीण जड आणि महाग असते. मचाणावर बसणाऱ्याला मी वेगळाच सुचवतो, कारण अंतरं हरीण आल्यावर मोजायचीच नसतात. बसल्या बसल्या सात-आठ झाडं, एखादा दगड, एखादं खोड मोजून ठेवा. काही राज्यांत धनुष्यावर बसवायच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर निर्बंध आहेत, ते वाचून घ्या.

डोंगरांत हिंडून म्यूल डिअर शोधणाऱ्यांसाठी: १०×४२ छातीवर, आणि जमलं तर १२×५० तिपाईवर. तिपाईवर चढवलेली दुर्बीण हातातल्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी जास्त दाखवते. जवळ रांगत जाताना मात्र फक्त छातीवरचीच बरोबर न्या.

बाण सुटल्यावरही दुर्बिणीचं काम संपत नाही. उलट तेव्हा ती सगळ्यांत लवकर हाती यावी. हरीण पळालं की धनुष्य अडकवा आणि दुर्बीण लावा. ते कुठे वळलं, शेपूट वर होती की खाली, शेवटचं कोणत्या झाडापाशी दिसलं, हे मनात पक्कं करा. मग ते जिथे उभं होतं त्या जागी फोकस आणा आणि बाण शोधा. पिसांवरचं रक्त लालभडक आणि फेसाळ असेल तर बाण फुप्फुसांत लागलाय. पिसं हिरवट, घाण लागलेली असतील तर पोटात, आणि मग निदान आठ-दहा तास त्याच्या मागे जायचं नाही. मचाणावरून न उतरता, पाचोळा न वाजवता हे कळलं, तर जवळच बसलेलं जखमी हरीण उठून दूर पळत नाही, आणि शोधायला जाल तेव्हा ते बसलं होतं तिथेच सापडतं.